पट्ट्याची बेल

६ तारीख, मंगळवार

दुखणं : सात.

हाडांच्या डॉक्टरांनी ही वही ठेवायला सांगितली आहे. रोज संध्याकाळी शून्य ते दहामध्ये दुखण्याचा आकडा लिहायचा, गोळी कधी घेतली ते लिहायचं, संपलं. आकड्याला अर्धी ओळ पुरते आणि पानावर बावीस ओळी आहेत. उरलेल्या जागेत मी माझा राग लिहिणार. डॉक्टरांना दाखवायची वेळ आलीच तर आकडे वेगळ्या कागदावर उतरवून देईन.

तर शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास आमच्या विमानाला असा दणका बसला, की ओव्हनपुढे वाकलेली मी थेट छताला जाऊन आपटले आणि खाली आले ती डाव्या घोट्यावर. छताचं अस्तर माझ्या डोक्याने फुटलं आणि घोट्याची दोन हाडं मोडली. विमानाच्या मालकांच्या मावशी स्वच्छतागृहातून बाहेर येत होत्या. त्यांच्या खांद्याचं हाड गेलं आणि कपाळाला नऊ टाके पडले. मालक झोपले होते. ते झोपले की ब्लँकेटवरून त्यांचा पट्टा मी लावते, तसा लावला होता, म्हणून त्यांच्या अंगावर फक्त कॉफी सांडली. बातम्यांत फोटो त्यांचाच आहे.

खासगी विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चामड्याच्या खुर्च्या आणि फुलदाण्या येतात. छत किती ठेंगणं असतं, टेबलांचे कोपरे किती टणक असतात, ते कोणाच्या डोक्यात येत नाही. मोठ्या विमानात निदान पडायला जागा असते.

आभाळ निळंशार होतं. असे दणके निळ्या आभाळातच येतात, रडारवर ठिपकासुद्धा दिसत नाही. पण पुढे गेलेल्या विमानाने त्या जागी हादरे बसल्याचं रेडिओवर सांगितलं होतं, म्हणजे आमच्या कॅप्टनना दहा-पंधरा सेकंद आधी कळलं होतं. कळल्यावर एक बटण दाबायचं असतं. पुढच्या भिंतीवर पट्ट्याची खूण लागते आणि बेल वाजते. खुणेकडे माझी पाठ होती. पण बेल पाठीमागूनही ऐकू येते, आणि ती ऐकली असती तर चार सेकंदांत मी माझ्या घडीच्या खुर्चीत पट्टा लावून बसले असते. बेल वाजलीच नाही.

नऊ वर्षं सेविका म्हणून त्या माणसाबरोबर उडते आहे. एक बटण दाबायचं होतं हो!

७ तारीख, बुधवार

दुखणं : सात. गोळी दोनदा.

कुबड्या हा प्रकार ज्याने शोधला त्याला काखा नसाव्यात. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं आहेत हे मला लग्नानंतर एकवीस वर्षांनी कळलं.

नवरा सुट्टी काढून घरी बसलाय. तो शहरातली बस चालवतो. सकाळपासून त्याने तीन वेळा भात केला, कारण दोन वेळा लागला. मी पलंगावरून सूचना दिल्या तर म्हणतो, "चालकाशी बोलू नये, अशी पाटी लावू का इथे?" मला हसू आलं आणि त्यामुळे बरगडी दुखली, म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

कॅप्टनचा फोन आला. मी घेतला नाही. पुन्हा आला, तेव्हा फोन उशीखाली सरकवला. नवरा म्हणाला, "घे की. काय म्हणतोय ते तरी ऐक."

"काय म्हणणार? माफी मागणार. माझी हाडं जुळू देत आधी, मग ऐकते."

तो तिसऱ्यांदा लागलेल्या भाताचं पातेलं घासायला गेला.

९ तारीख, शुक्रवार

दुखणं : सहा. चीड : नऊ.

मालकांचे सचिव येऊन गेले. त्यांना आम्ही आपसात 'फाइल' म्हणतो, कारण ते काखेत फाइल घेतल्याशिवाय जेवायलाही बसत नाहीत. माझ्याएवढ्या उंचीचा फुलांचा गुच्छ आणला होता. ठेवायला भांडं नाही, म्हणून तो बादलीत उभा आहे आणि आता अंघोळीला बादली नाही.

खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मालकांना तुमची फार काळजी आहे. तुमच्यासारखं काम कोणी करत नाही, असं ते नेहमी म्हणतात."

हे मात्र खरं आहे, आणि इथे लिहायला मला लाज वाटत नाही. आमच्या मालकांची झोप म्हणजे काचेचं भांडं. टण् झालं की जाग आणि जाग आली की दिवसभर सगळ्यांचा उद्धार. त्यांच्या झोपेसाठी मी काय काय केलंय! पडद्याच्या कड्यांना लोकर गुंडाळली. चमचे रुमालात बांधून ठेवते. बर्फ घरूनच फोडून आणते. ओव्हनच्या दाराला फेल्टच्या पट्ट्या लावल्या, छतातल्या स्पीकरच्या जाळीमागे कापूस दाबून वरून चिकटपट्टी मारली, ग्लासांच्या खणात स्पंज कापून बसवला. मी सोलही मऊ रबराचे वापरते. नऊ वर्षांत माझ्या हातून त्या विमानात एक चमचा वाजलेला नाही. हे कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत.

आणि कॅप्टनना एक बटण दाबता आलं नाही.

फाइलनी जाता जाता विचारलं, "चौकशीला काय सांगणार आहात?" म्हटलं, घडलं ते. "अगदी बरोबर," म्हणाले आणि खूश होऊन गेले. ते एवढे खूश का झाले ते मला कळलं नाही.

१२ तारीख, सोमवार

दुखणं : सहा.

चौकशी अधिकारी बाई घरी आल्या. माझ्यापेक्षा लहान असतील, केस घट्ट बांधलेले, बूट दाराबाहेर काढून आत आल्या आणि चहा नको म्हणाल्या. मला अशी माणसं आवडतात.

मी सगळं सांगितलं. त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे एकच प्रश्न विचारला, की बेल वाजली होती का. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. शंभर टक्के? शंभर टक्के. माझे कान अजून शाबूत आहेत, बाहेर कोण जिना चढतंय ते मी पावलांवरून सांगते.

कॅप्टनचं म्हणणं आहे की त्यांनी बटण दाबलं. शेजारी बसलेल्या सहवैमानिक मुलीलाही तसं वाटतं, पण ती त्या वेळी रेडिओवर बोलत होती आणि तिला या कामावर येऊन चारच महिने झालेत. कॅप्टनविरुद्ध ती कशी बोलेल? पुढच्या भागातला आवाज टिपणारं यंत्र दोन तासांपूर्वीचं पुसून त्यावर नवीन टिपत राहतं. उतरल्यावर मला आणि मावशींना रुग्णवाहिकेत चढवण्याच्या गडबडीत कोणी त्याची वीज बंद केली नाही. त्यामुळे आता फक्त माझी साक्ष आहे, असं बाई म्हणाल्या.

"त्यांचा परवाना सध्या रोखून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "वय अठ्ठावन्न. ठपका बसला तर परत उडणं कठीण आहे. म्हणून पुन्हा विचारते. तुम्ही त्यांच्याशी याबद्दल बोललात?"

"नाही. आणि बोलणारही नाही. साक्ष ती साक्ष."

त्यांनी लिहिलेलं मी वाचलं आणि सही केली.  

१५ तारीख, गुरुवार

दुखणं : पाच. चीड मोजण्यापलीकडे.

कॅप्टन घरी आले. न सांगता! नवऱ्यानेच दार उघडलं आणि "या, या" करत आत घेतलं, जणू लग्नाची बोलणी करायला आलेत.

माझे बूट घेऊन आले होते. विमानात राहिले होते ते, रबरी सोलचे. एका कागदी पिशवीत, पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून. दोन्ही बूट आणले, एका पायाला प्लास्टर असताना. ती पिशवी मांडीवर घेऊन ते बसले आणि बराच वेळ माझ्या पायाकडेच बघत होते. वर बघायची हिंमत नव्हती, दुसरं काय?

"ताई, खूप दुखतं का?"

"हाडं मोडली की दुखतं, कॅप्टन."

"मावशींना भेटून आलो. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत."

मी पाठीमागची उशी सरळ केली. मग ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी..." मी हात वर केला. म्हटलं, चौकशी चालू आहे, आपण यावर बोलणं बरोबर नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मान हलवून उठले. नवऱ्याने चहा केला होता तो तसाच राहिला. जिना उतरताना दोनदा थांबल्याचं मला ऐकू आलं.

नंतर नवरा म्हणाला, "म्हातारा दिसायला लागला गं एकदम."

मी म्हटलं, अपराधी माणूस तसाच दिसतो. त्यावर त्याने मला त्याच्या बसमधल्या त्या बाईची गोष्ट सांगितली. ती फोनवर बोलत उभी होती, कुत्रं आडवं आलं, याने ब्रेक मारला, ती पडली आणि भर रस्त्यात तिने याची सालं काढली. "गाडी चालवणाऱ्यालाच सगळे धरतात," म्हणे. ही गोष्ट मी चाळीस वेळा ऐकली आहे. मी म्हटलं, कुत्र्याची गोष्ट वेगळी, इथे बटण होतं. आणि तू माझा नवरा आहेस की त्यांचा?

१६ तारीख, शुक्रवार

दुखणं : पाच.

झाली का खात्री? चौकशीवाल्या बाईंचा फोन होता. हँगरमध्ये छताचं फुटलेलं अस्तर पूर्ण उतरवलं, तार न् तार तपासली आणि बटण वीस वेळा दाबून पाहिलं. बेल वीसही वेळा ठणठणीत वाजली, शेपटीपर्यंत ऐकू आली.

म्हणजे बेल चांगली आहे आणि ती वाजली नाही. मग ती दाबलीच नाही. शाळेतल्या पोराला कळेल एवढं सोपं आहे. नवऱ्याला सांगितलं तर तो "हं" म्हणाला. त्याच्या त्या "हं"वर एकदा स्वतंत्र वही लिहावी लागेल.

मावशींचा रुग्णालयातून फोन आला. एकाहत्तर वर्षांच्या आहेत, खांदा बांधलेला, तरी आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो. "तुझ्या त्या कॅप्टनला मी सोडणार नाही," म्हणाल्या. "मी माझ्या भाच्याला सांगितलंय, हा माणूस पुन्हा दिसता कामा नये." मी हो हो म्हटलं. समाधान वाटायला हवं होतं, पण फोन ठेवल्यावर उगाचच चिडचिड झाली आणि मी फुलांचा गुच्छ टाकून द्यायला लावला. तशीही फुलं सडत चालली होती.

२० तारीख, मंगळवार

दुखणं : चार.

घोट्यावरच्या शस्त्रक्रियेचे टाके काढले. जुनं प्लास्टर कापून नवीन घातलं. प्लास्टर घालणारा माणूस गप्पिष्ट, हात मात्र कसबी. आधी पायाला कापसाचा रोल गुंडाळला. थरावर थर, थरावर थर. बोटाने दाबून दाबून बसवत होता. म्हणाला, "कापूस नीट दाबला ना ताई, की वरून कितीही ठोका, आत काही पोचत नाही." आणि प्लास्टर वाळल्यावर त्यावर टकटक करून दाखवलं.

मला एकदम घेरी आल्यासारखं झालं.  त्याने पाणी दिलं, नवऱ्याला आत बोलावलं. सकाळपासून नीट खाल्लं नव्हतं, म्हणून झालं असणार. घरी येऊन दोन अंडी खाल्ली, तरी बरं वाटेना.

२१ तारीख, बुधवार

दुखणं : तीन.

आज लिहायचं नाही.

२३ तारीख, शुक्रवार

दुखण्याचा आकडा गेला खड्ड्यात.

कापूस मी लावला होता.

तीन दिवस हे वाक्य मी डोक्यात इकडून तिकडे ढकलते आहे. याच वहीत, नऊ तारखेच्या पानावर, मी माझ्या हुशारीची यादी दिली आहे. लोकर, रुमाल, फेल्ट, स्पंज आणि त्यांच्या मधोमध स्पीकरच्या जाळीमागचा कापूस. स्वतःच्या हाताने लिहिलं, वर मिरवलं, आणि मला दिसलं नाही! आंधळी होते का मी?

चौदा महिन्यांपूर्वीची गोष्ट. बेल वाजली, मालक दचकून उठले, उशी भिरकावली आणि म्हणाले, "हा आवाज पुन्हा माझ्या कानावर पडता कामा नये." बेलचा तो छतातला स्पीकर त्यांच्या डोक्यावरच. मी दुसऱ्याच दिवशी जाळी सोडवून कापूस दाबला आणि पुन्हा बसवली. इतक्या सफाईने, की कोणाला कळलं नाही. कॅप्टननाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे तो काढायला लावला असता.

मग चौदा महिने कसं निभावलं? कारण कॅप्टन नेहमी आधी आतल्या फोनवर सांगायचे, "ताई, पाच मिनिटांत हलेल, आवरून घ्या." बेल नंतर. मला बेल लागतच नव्हती. ती वाजते की नाही हे मी विसरूनच गेले. त्या दिवशी फोनला वेळ नव्हता, फक्त बेलला होता.

आणि हँगरमध्ये अस्तर उतरवलं तेव्हा माझा कापूसही उतरला असणार. मग बेल वाजणारच, वीसच्या वीस वेळा.

मी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं तो "हं" म्हणेल. तो जवळ येऊन बसला आणि माझ्या प्लास्टरवर हात ठेवून म्हणाला, "आता काय करणार?"

म्हटलं, माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. माझी लाज वाटते आहे आणि भीतीही वाटते आहे, आणि दोन्हींत भीती जास्त आहे. कागदावर खोटं लिहिणार नाही म्हणून हे लिहिते. कदाचित त्यांनी बटण दाबलंच नसेल! तसंही असू शकतं. मग माझ्या कापसाने काय बिघडलं? दोन तास मी या एका विचाराला धरून बसले होते.

२७ तारीख, मंगळवार

दुखणं : तीन.

मी आधी फाइलना फोन केला. म्हटलं, घरचा माणूस समजून सांगते. त्यांनी ऐकून घेतलं. 

"तुम्हाला कापूस लावायला कोणी सांगितलं होतं?"

"मालक म्हणाले होते की हा आवाज..."

"कापूस लावा, असं म्हणाले होते?"

"नाही."

"मग झालं तर. चौकशी एका ठिकाणी येऊन थांबली आहे. ती हलवू नका. तुमची जागा तुमचीच आहे, पाय बरा झाला की या."

तेव्हा मला कळलं ते त्या दिवशी एवढे खूश का झाले होते. कॅप्टन दोषी निघाले की गोष्ट विमानाच्या पुढच्या भागात संपते. मालकांच्या खुर्चीपर्यंत येत नाही.

मग मावशींना फोन केला. का केला कोण जाणे. त्यांच्या कपाळावरच्या टाक्यांना तरी खरं सांगावं असं वाटलं असेल. सगळं सांगितलं, मध्ये रडलेही. त्या एरवीसारख्या ओरडल्या नाहीत.

"रडून झालं?" त्यांनी विचारलं. "मग हे तू मला का सांगते आहेस? मी काय परवाने वाटते? जिला सांगायचं तिला सांग की."

"मावशी, माझी नोकरी जाईल."

"जाईल. त्याची गेलीच आहे. मीच घालवली, तुझं ऐकून." आणि फोन ठेवला.

३० तारीख, शुक्रवार

दुखणं : चार, कारण आज खूप हिंडले.

चौकशी कार्यालय चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नेमकी दुरुस्तीला. फिजिओने शिकवलंय तशी मी पायरीवर बसून, पाठमोरी, एकेक पायरी वर सरकत गेले. खालून नवरा माझा प्लास्टरचा पाय धरून येत होता. वर-खाली जाणारी माणसं बघत होती. तिसऱ्या मजल्यावर एक बाई म्हणाल्या, "अहो, फोन केला असता तर ते खाली आले असते." हे मला आधी कोणी का सांगत नाही?

चौकशीवाल्या बाईंनी दुसरी साक्ष लिहून घेतली. एकदाही "अरेरे" म्हणाल्या नाहीत, त्याबद्दल आभार. माझ्यादेखत हँगरला फोन लावला. अस्तराचं काम करणाऱ्याला आठवत होतं. जाळीमागून मूठभर कापसाचा बोळा निघाला होता, चिकटपट्टीसकट. त्याला वाटलं आवाज कमी करायला तो मुळातच भरलेला असतो. त्याने कचऱ्यात टाकला होता.

बाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही आला नसतात तर हे कधीच कळलं नसतं."

मी म्हटलं, "मी अठरा दिवस उशिरा आलेय." त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

५ तारीख, गुरुवार

दुखणं : दोन.

दोन कागद एकाच दिवशी आले.

पहिला मालकांच्या कार्यालयाचा. 'विमानाच्या सुरक्षा यंत्रणेत विनापरवानगी फेरफार' केल्याबद्दल माझी सेवा संपली. शेवटी मालकांच्या शुभेच्छा आहेत. नऊ वर्षं मी ज्यांच्यासाठी बर्फ घरून फोडून नेला त्यांनी सही स्वतः केलेली नाही, शिक्का आहे. मला वाटलं होतं मी भयंकर चिडेन. थोडीच चिडले.

दुसरा चौकशीचा. कॅप्टनवरचा ठपका काढला, परवाना मोकळा. मी नवऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवला. पुन्हा वाचला. म्हटलं, सुटले बाई एकदाचे!

संध्याकाळी सहवैमानिक मुलीचा फोन आला. तिने पाय कसा आहे विचारलं आणि मग सांगितलं की नवीन कॅप्टन पंधरा दिवसांपूर्वीच रुजू झालेत. मालकांना ते आवडलेत, करार दोन वर्षांचा आहे. आमच्या कॅप्टननी दुसरीकडे दोन ठिकाणी विचारलं, पण या वयात आणि नुकतीच चौकशी झालेला माणूस म्हटल्यावर कोणी उभं करत नाही.

परवाना आहे आणि विमान नाही. मी हे त्या दिवसांच्या हिशेबाने मांडून पाहिलं. वीस तारखेला, त्या प्लास्टरवाल्याकडून निघून, मी सरळ कार्यालयात गेले असते तर? उत्तर येतं ते मला आवडत नाही. म्हणून सारखं पुन्हा मांडते.

१२ तारीख, गुरुवार

दुखणं लिहीत नाही.

कॅप्टनच्या घरी गेले. नऊ वर्षांत कधी गेले नव्हते. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत कुंड्या, भिंतीला टेकवून ठेवलेली उडायची बॅग. तिचं हँडल अजून वर काढलेलं होतं. नवरा खाली पायरीवर, बस चालवताना बसतो तसा ताठ, बसून राहिला. वर यायला नको म्हणाला.

कॅप्टननी मला चांगली खुर्ची दिली आणि पायाखाली स्टूल ठेवलं. स्वतः समोर बसले. घरच्या शर्टात बघायची मला सवय नव्हती. मी पाठ करून आणलेलं सगळं बोलले. कापूस, चौदा महिने, पहिली साक्ष, मग वीस तारखेपासून तीस तारखेपर्यंतची माझी टाळाटाळ. माफी मागितली. 

मग कॅप्टन म्हणाले, "कापसाचं मला काही वाटत नाही, ताई. कापूस तुम्ही त्यांच्या झोपेसाठी लावलात. मला कळलं असतं तर मी ओरडलो असतो आणि तुम्ही तो काढला असता. चूक होते. माझ्याही झाल्यात, त्या तुम्ही झाकल्यात."

"मग?"

"मी सात फोन केले. घरी आलो. दिवसभर मनाशी तेच घोकत आलो होतो, की ताई एकदा विचारतील." ते खिडकीकडे बघत होते. "चौकशीने विचारलं, मालकांच्या माणसाने विचारलं, मावशींनीसुद्धा नंतर शिव्या देऊन विचारलं. पेपरवाल्यानेही विचारलं. नऊ वर्षं माझ्या भरवशावर उभ्या राहून चहा ओतलात तुम्ही. तुम्ही तेवढं विचारलं नाहीत."

 मला वाटत होतं मी त्यांना ओळखते. ओळखते म्हणून तर विचारायची गरज वाटली नाही, आणि ओळखते म्हणत होते त्याच माणसाबद्दल मी शंभर टक्के म्हणून सही केली. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, इथे लिहिते आहे.

काहीतरी करायला हवं होतं आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून मी विचारलं. आता विचारून काय होणार, तरी विचारलं.

"कॅप्टन, बेल वाजवली होती का तुम्ही?"

त्यांनी चष्मा काढला. नऊ वर्षांत त्या माणसाचा आवाज मी कधी हललेला ऐकला नव्हता, वादळातसुद्धा.

"दोनदा," ते म्हणाले. "दोनदा वाजवली होती हो, ताई."